लाल साल्विया: समोरच्या काकूंकडे बारा महिने, माझ्याकडे पाडव्यालाच संपतो

ओसरी
नमस्कार मंडळी. पुण्यात कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर पूर्वेकडची गच्ची आहे. दिवाळी झाली की नर्सरीतून लाल साल्वियाची रोपं आणायची आणि कठड्याला रांगेत कुंड्या मांडायच्या, हे आमच्याकडे ठरूनच गेलंय. डिसेंबर-जानेवारीत येणारा जाणारा थांबून बघतो. होळी आली की मात्र खालची पानं पिवळी पडायला लागतात, तुरे आखूड येतात, आणि गुढीपाडव्यापर्यंत खेळ खलास.

समोरच्या बंगल्यात एक काकू राहतात. त्यांच्या कुंपणालाही लाल साल्वियाच आहे असं त्या म्हणतात. तिकडे जूनमध्ये फुलं, गणपतीत फुलं, दिवाळीतही फुलं. खत नाही, फवारणी नाही. विचारलं तर म्हणतात, "अगं, ते आपलं आपण येतं."

आपलं आपण माझ्याकडे का येत नाही? माती चुकतेय, ऊन चुकतंय की पाणी? आणि यंदा तयार रोपं न आणता बी पेरून करावं असं मनात आहे, तर कधी पेरू?

लिंबूटिंबू
ओसरीताई, आमच्याकडेही अगदी हेच. वाचतेय.

भरदुपार
नागपूरकरांनी काय बोलावं? तुमचं निदान पाडव्यापर्यंत टिकतं. आमच्याकडे मार्च अर्धा झाला की साल्विया हात जोडतो. मी तर आता त्याच्यामागे रडतच नाही. उपटायचं, कुंडीतली माती उन्हात पसरायची आणि त्या जागी ऑफिस टाईम, झिनिया, गॉम्फ्रीना लावायचं. पंचेचाळीस अंशांत हसणारी झाडं वेगळी असतात.

घाटमाथा
ओसरीताई, माती-पाण्याकडे नंतर येऊ. आधी काकूंच्या कुंपणापाशी जाऊन तीन गोष्टी बघून या.

एक, फूल गळून गेल्यावर दांड्यावर मागे जी घंटेसारखी टोपी उरते, तिचा रंग कोणता? तुमच्या कुंडीतल्या झाडाची ती टोपीसुद्धा फुलाइतकीच लालभडक असणार. काकूंच्या झाडाची हिरवट किंवा मळकट जांभळी आहे का?

दोन, फुलातून केसर बाहेर डोकावतात का? जिभेसारखे लांब बाहेर आलेले?

तीन, पान हाताला कसं लागतं? गुळगुळीत की लव असलेलं?

खोड दोन्हींचं चौकोनीच असेल, त्यावर जाऊ नका. तुळस, पुदिना, सब्जा यांच्याच कुळातलं आहे हे, त्या घराण्यात चौकोनी खोड असतंच.

उचापती
इंटरनेटवर साल्विया शोधलं तर भलतंच काहीतरी आलं. नशेचं झाड आहे म्हणे! ओसरीताईंच्या गच्चीवर पोलीस येण्याआधी कोणीतरी खुलासा करा.

घाटमाथा
उचापती, तो साल्विया डिव्हिनोरम. मेक्सिकोतल्या वाहाका प्रांतातला, तिथले माझातेक लोक विधींमध्ये वापरतात तो. फुलं पांढरी, मागची टोपी जांभळी. साल्वियाच्या जवळजवळ हजार जाती आहेत. तुम्ही वजन कमी करायला भिजवून खाता ते चिया बीसुद्धा साल्वियाच आहे. तेव्हा गच्चीवर पोलीस येणार नाहीत, आले तर कौतुकाला येतील.

ओसरी
जाऊन आले! काकूंनी चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही, म्हणून उशीर.

टोपी हिरवी, कडेला जांभळट झाक. केसर अगदी स्पष्ट बाहेर आलेले. पानाला बारीक लव आहे, आकार जरा बदामी. झाड माझ्या कंबरेच्या वर गेलंय, फुलं मात्र माझ्याकडच्यासारखी गच्च नाहीत, दांड्यावर टप्प्याटप्प्याने विरळ लागलेली. म्हणजे ही दोन वेगळी झाडं आहेत?

घाटमाथा
हो. आणि तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर तिथेच आहे.

तुमचा आहे साल्विया स्प्लेंडेन्स. मूळचा आग्नेय ब्राझीलचा, किनाऱ्याजवळच्या दमट डोंगररानांतला. तिथे तो माणसाएवढा उंच होणारा, वर्षानुवर्षं टिकणारा झुडपी प्रकार आहे. युरोप-अमेरिकेतल्या बागवाल्यांनी त्याला वाफ्यात लावायला बुटका, लवकर फुलणारा, दाट तुऱ्याचा करत आणला. नर्सरीत मिळतो तो हाच, वीतभर ते फूट-दीड फूट उंचीचा. त्याला थंडी सोसत नाही (पाला गोठेल इतकी), आणि कोरडी, तापलेली हवाही सोसत नाही. पुण्याचा हिवाळा त्याला बरोब्बर मानवतो, एप्रिल मानवत नाही. पाचगणी-महाबळेश्वरला हेच झाड भर मे महिन्यात फुललेलं दिसतं, कारण तिथला मे पुण्याच्या फेब्रुवारीसारखा.

काकूंचा आहे साल्विया कोक्सिनिया. अमेरिकेचा दक्षिण भाग, मेक्सिको, तिथून खाली उष्ण प्रदेशातला. ऊन खातो, दोन दिवस पाणी चुकलं तर माना टाकतो पण मरत नाही, आणि बी स्वतःच पाडून पावसाळ्यात उगवतो. "आपलं आपण येतं" हे काकूंचं म्हणणं शब्दशः खरं आहे.

माझं मत विचाराल तर दोन्ही लावावेत, पण दोघांकडून एकच अपेक्षा ठेवू नये. पहिला हिवाळी पाहुणा. पाहुण्याला मुक्कामाला ठेवायची धडपड करण्यात माती, पाणी आणि आपला जीव फुकट जातो.

कुंडीतलं_रान
घाटमाथा, हे फार छान सांगितलंत. एक भर घालते. ओसरीताईंची खालची पानं पिवळी पडतात म्हणाल्या, ते फक्त उन्हामुळे नसावं. नर्सरीतली पिशवी फाडून बघा, आत लाल चिकणमातीचा गोळा असतो. आपण तो तसाच चांगल्या मातीत ठेवतो. बाहेरची माती पाणी सोडते, आतला गोळा एकतर चिखल राहतो नाहीतर वाळून दगड होतो, आणि मुळं त्यातून बाहेरच येत नाहीत. मी रोप आणलं की गोळा बादलीत थोडा वेळ भिजवते, बोटांनी हलक्या हाताने निम्मी माती काढते, मगच लावते. दोन दिवस सावलीत.

आणि विकत घेताना पूर्ण फुललेलं रोप उचलू नका. कळ्या नुकत्या दिसायला लागलेलं, बुंध्याशी फुटवे असलेलं घ्या. भरगच्च फुललेलं रोप दुकानातच अर्धं जगून झालेलं असतं.

घाटमाथा
अगदी बरोबर. पिवळं पडण्याचं थोडं अजून बघायला हवं. खालची जुनी पानं सबंध पिवळी पडत असतील तर नत्र संपलंय, छोट्या कुंडीत तीन महिन्यांत संपतंच. वरची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह मिळत नाहीये. बोअरच्या जड पाण्याने माती अल्कधर्मी होत जाते, मग मातीत लोह असूनही झाडाला घेता येत नाही. आणि पान एकसारखं पिवळं न पडता बारीक ठिपक्यांनी फिकट, धुळकट दिसत असेल तर पानामागे लाल कोळी (रस शोषणारी बारीक कीड) आहे. पांढरा कागद खाली धरून फांदीला टिचकी मारा, कागदावर धावणारे ठिपके दिसतात का ते बघा. फेब्रुवारीअखेरीस हवा कोरडी झाली की हे हमखास.

ओसरी
टिचकीचा प्रयोग केला. धावतायत :-( आता काय?

घाटमाथा
घाबरू नका. सकाळी पाइपने पानांच्या खालच्या बाजूला जोराने पाणी मारायचं, तीन-चार दिवस सलग. कोळ्याला ओल आवडत नाही. मग संध्याकाळी कडुनिंबाचं तेल, लिटरला ५ मिलि, आधी थोड्या साबणाच्या पाण्यात घोटून. गंधक बरेच जण सुचवतील, पण पारा बत्तीस-तेहतिसाच्या वर असेल तर गंधकाने पानं भाजतात, तेव्हा उन्हाळ्यात नको.

उंटावरचा_शहाणा
मी दर पंधरा दिवसांनी डीएपीचे (रासायनिक खत) चार दाणे टाकतो. झाड कसलं फुलतं! शेणखत-बिणखत सगळं मनाचं समाधान.

कुंडीतलं_रान
उंटावरचे, तुमच्याकडे कॉर्पोरेशनचं गोडं पाणी असेल. मी ठाण्याला घोडबंदर रोडला, सोसायटीत टँकर आणि बोअर. असल्या पाण्यावर डीएपी टाकलं तर पानांच्या कडा करपतात. साल्वियाची लहान रोपं क्षारांना भारी नाजूक असतात. मी कुंडीत मूठभर गांडूळखत आणि निंबोळी पेंड घालते, आणि महिन्यातून एकदा कुंडी खालून पाणी वाहेपर्यंत भिजवते म्हणजे साचलेले क्षार धुऊन जातात.

उंटावरचा_शहाणा
गोडं पाणी आहे, मान्य. पण फुलं माझ्याकडे जास्त येतात ते पण मान्य करा.

कुंडीतलं_रान
फोटो टाका, मग बघू.

जांभादगड
रत्नागिरीहून. कोकणात पावसाळ्यात हा स्प्लेंडेन्स लावण्याच्या भानगडीत पडू नये. जांभ्यावरची माती पाणी धरत नाही म्हणून वाफ्यात कसाबसा टिकतो, कुंडीत मात्र खोड बुडाशी काळं पडून आडवा होतो. दसऱ्यानंतर लावला तर मार्चपर्यंत मस्त. किनाऱ्याची हवा दमट असते म्हणून लाल कोळीचा त्रास तुमच्यापेक्षा कमी, पिठ्या ढेकूण (पांढरी पिठाळ कीड) मात्र पाहुण्यांसारखा येऊन राहतो. कापसाच्या बोळ्याने स्पिरिट लावून पुसून काढतो आम्ही.

आमच्याकडे लहानपणी फूल उपटून मागच्या टोकाचा मध चोखायचा उद्योग चालायचा. नळी लांब असते, बुडाशी खरंच गोड थेंब असतो. अजून कोणी हे केलंय का?

लिंबूटिंबू
केलंय! शाळेच्या बागेत. माळीकाका काठी घेऊन मागे.

दूरदेशी
आम्ही पण. आता मुलांना शिकवलंय, म्हणजे परंपरा ह्यूस्टनपर्यंत पोचली. फवारणी केलेल्या झाडाची चोखू नका एवढंच.

मी टेक्सासमध्ये राहते, इथे कोक्सिनिया हे रानातलं स्थानिक झाड मानतात. आमच्या अंगणात एकदा लावलं, आता दरवर्षी फरशीच्या फटीतूनही येतं. सप्टेंबरात हमिंगबर्ड दक्षिणेकडे निघतात तेव्हा या झाडावर त्यांची भांडणं बघण्यासारखी असतात. 'लेडी इन रेड' नावाचं वाण मिळालं तर घ्या, १९९२ साली इथल्या ऑल-अमेरिका सिलेक्शन्स या चांगली वाणं निवडणाऱ्या संस्थेचा मान मिळालेलं आहे. साध्या कोक्सिनियापेक्षा आटोपशीर आणि फुलं जास्त.

उचापती
इकडे हमिंगबर्ड कुठून आणायचे? आमच्याकडे कबुतरं आहेत. आणि एक गंभीर प्रश्न: ब्राझीलचं आणि मेक्सिकोचं झाड का लावायचं? आपल्याकडे फुलझाडं कमी आहेत का?

घाटमाथा
प्रश्न रास्त आहे. शिंजीर येतात, फुलातला मध पिणारे आपले इवलेसे पक्षी. जांभळा शिंजीर आणि साधा शिंजीर, दोन्ही माझ्याकडे साल्वियावर रोज असतात. लाल, लांब नळीचं, वास नसलेलं फूल हे पक्ष्यासाठीच घडलेलं आहे. साल्वियाच्या बऱ्याच जातींत केसरांची एक तरफ असते. मधमाशी आत डोकं खुपसते, तरफेचं एक टोक ढकललं जातं आणि दुसऱ्या टोकाचे पराग तिच्या पाठीवर टेकतात. जर्मन निसर्गअभ्यासक श्प्रेंगेल यांनी १७९३ मध्येच हे लिहून ठेवलंय. पक्ष्यांसाठीच्या या लाल जातींत ती तरफ फारशी चालत नाही, पक्ष्याच्या कपाळाला पराग थेट लागतात. कोक्सिनियाचे केसर बाहेर आलेले असतात ते त्यासाठीच.

हमिंगबर्ड हवेत थांबून मध पितो, आपला शिंजीर शक्यतो बसून पितो. म्हणून बुटक्या कुंडीशेजारी एक बारीक वाळकी फांदी रोवून ठेवा, त्याला बसायला जागा झाली की येणं वाढतं.

स्थानिक झाडांचं म्हणाल तर अबोली, कोरांटी, अडुळसा लावाच की. एकाने दुसऱ्याला मनाई थोडीच आहे. कोक्सिनिया मात्र जपून. शेतालगत, डोंगरउताराला, ओढ्याकाठी सोडू नये. कुंडीत किंवा कुंपणाच्या आत ठीक.

माळावरची
याला जोरदार अनुमोदन. मी ब्रिस्बेनला आहे. क्वीन्सलँडमध्ये हाच कोक्सिनिया रानात पसरून तण झालाय. बागेतून बाहेर कसा गेला हे कोणी बघत नाही, बी पडतं आणि जातं.

कुंडीतलं_रान
माझ्या फुलांच्या बुडाशी बारीक चीर दिसते, फूल तसं ठीक असतं. अळी का?

घाटमाथा
भुंगा. काळा मोठा, लाकूड पोखरणारा. त्याला नळीत शिरता येत नाही म्हणून बाहेरून बुडाला छेद देऊन मध पळवतो. परागाचं काम न करता चोरी. झाडाला अपाय नाही.

ओसरी
बी पेरण्याचं राहिलंच की! जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात असतात तशा गच्च कुंड्या हव्या असतील तर कधी सुरुवात करायची?

घाटमाथा
उलटं मोजा. बी पेरल्यापासून पहिला तुरा यायला साधारण अडीच ते तीन महिने. म्हणजे जानेवारीच्या मध्याला कुंडी भरलेली हवी तर सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा, फार तर ऑक्टोबरचा पहिला आठवडा. नोव्हेंबरात पेरलंत तर थंडीत उगवण रेंगाळते आणि झाड वयात येईतो ऊन येतं.

ताजं बी घ्या, जुनं नीट उगवत नाही. ट्रेमध्ये कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि चाळलेलं गांडूळखत. बी वर ठेवून बोटाने नुसतं दाबायचं, वरून कोकोपीटची भुरभुर, मातीत पुरायचं नाही. या बियाला उगवायला उजेड लागतो. वीस ते पंचवीस अंशांत दहा-बारा दिवसांत कोंब. पाणी झारीने नको, खालून ताटलीत ठेवून द्या किंवा स्प्रेने.

सगळ्यात जास्त रोपं मरतात ती इथे. कोंब छान येतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बुडाशी दोरा झाल्यासारखी आडवी पडलेली दिसतात. ही बुरशी. ट्रे स्वच्छ, दाटी कमी, हवा खेळती आणि वरचा थर पाणी देण्याआधी सुकू देणं, याला पर्याय नाही. एकदा आडवं पडलेलं रोप परत उभं राहत नाही, ते काढून टाका आणि बाकीच्यांचं पाणी कमी करा.

चार ते सहा पानं झाली की छोट्या पिशवीत, मग आठ इंची कुंडीत एक रोप. वाफ्यात लावलंत तर दोन रोपांत जवळजवळ एक फूट. तीन जोड्या पानं झाल्यावर शेंडा खुडा म्हणजे बाजूने फुटवे येतात. पाकिटावर बुटकं वाण लिहिलं असेल तर ते आपोआप फुटवे धरतं, तिथे खुडून उगाच फूल लांबवू नका.

लिंबूटिंबू
तुरा संपला की कापायचा का? टोप्या लालच दिसतात म्हणून मी ठेवते.

घाटमाथा
ठेवा की. खरं फूल एक-दोन दिवसांत गळतं, लाल दिसतात त्या टोप्याच, म्हणून तुरा इतके दिवस ताजा वाटतो. टोप्या विटक्या दिसायला लागल्या की तुरा खालच्या पानांच्या जोडीपर्यंत कापा, तिथून नवीन दोन निघतात. बी हवं असेल तर एक-दोन तुरे ठेवा, टोपी वाळून फिकी झाली की तळाशी जास्तीत जास्त चार बिया असतात. वारं आलं की गळतात, म्हणून तुऱ्यावर कागदी पिशवी बांधून ठेवा.

उंटावरचा_शहाणा
घरचं बी दोन-तीन पिढ्या केलं तर झाडं उंच आणि विरळ व्हायला लागतात, हा माझा अनुभव. दरवर्षी थोडं नवीन पाकीट आणतो. आणि अवांतर: हे झाड पहिल्यांदा ब्राझीलमधून गोळा करणारा जर्मन संग्राहक झेलो, त्याच्या नावाने १८२२ मध्ये वर्णन छापलं गेलं. पुढे १८३१ मध्ये तो तिथल्याच रिओ दोसे नदीत बुडून गेला. फुलाच्या पाकिटावर हे कोणी लिहीत नाही.

भरदुपार
उंटावरचे, डीएपीपेक्षा हे बरं लिहिता.

ओसरी
धागा वर काढतेय. जून लागला. कुंडीतले स्प्लेंडेन्स मार्चअखेर मी स्वतःच काढून टाकले, यंदा वाईट वाटलं नाही. कोळी पाण्याच्या माऱ्याने आटोक्यात आले होते, त्यामुळे पाडव्याला अजून चार तुरे उभे होते. काकूंनी कागदाच्या पुडीत बी दिलं होतं, ते पश्चिमेच्या कोपऱ्यात दोन मोठ्या कुंड्यांत टाकलंय. परवाच्या वळवाने कोंब दिसतायत. निम्मे काढावे लागतील का?

घाटमाथा
काढाच. बारा इंची कुंडीत दोन, फार तर तीन ठेवा. वीतभर झाले की एकदा शेंडा खुडा, नाहीतर काठीसारखे सरळ वर जाऊन वाऱ्याने पडतात. ऑगस्टमध्ये लांबलेल्या फांद्या निम्म्या छाटा, दिवाळीला भरून येतील. छाटलेल्या कोवळ्या फांद्या पाण्यात ठेवल्या तर त्यांनाही मुळं फुटतात. आणि कुंडीखालच्या फरशीच्या फटी तपासत राहा.

जांभादगड
ओसरीताई, बी शिल्लक असेल तर पोस्टाने पाठवाल का? बदल्यात पिवळ्या कोरांटीची कलमं देते.

ओसरी
नक्की, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

लिंबूटिंबू
निळ्या साल्वियाचं पण सांगा ना कोणीतरी. फरिनेशिया की काय तो. आमच्याकडे तो उन्हाळाही काढतो पण फुलं राखाडी पडतात.

घाटमाथा
त्याची तऱ्हा सगळी वेगळी आहे. नवीन धागा काढा, तिथे बोलू.